मावशी दोन्ही काठांवर

४ मार्च

प्रिय मावशी,

हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेव. नवी बोट आली! पांढरीशुभ्र, दुमजली, आणि भोंगा असा की पलीकडच्या धक्क्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. कप्तान दिवसातून दहादा तिच्या कठड्यावरून हात फिरवतात आणि कोणी बघितलं की रंग वाळलाय का ते बघत होतो म्हणतात.

आता दुसरी बातमी. ती बोट पाण्यात उतरणार की नाही, हे माझ्या हातात आहे! हो, तुझ्या भाचीच्या. परवान्यासाठी एक तपासनीस बाई आल्यात. त्यांनी इंजिन बघितलं, दोर बघितले, जीवरक्षक जाकिटं मोजली आणि मग थेट माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "डेटाबेसमध्ये कोणाकोणाचे रोल आहेत?" मी दाखवले. अगं, जी माणसं कधीच सोडून गेली, ती सगळी तिथे ठाण मांडून! ज्याच्या त्याच्या नावाचा रोल, त्याचा पासवर्ड, कशाकशाला हात लावायची मुभा, सगळं जिथल्या तिथे. बाई म्हणाल्या, "गेलेल्यांचे रोल काढा. ते निघेपर्यंत माझी सही नाही." साहेब मला म्हणाले, हे जमवलंस तर तुझी नोकरी कायम. आणि नाही जमलं तर, असं मी विचारलं तेव्हा ते नुसते खोकले.

जुने हिशेबनीस, ते रंगारी, दोघेही एकेका ओळीत गेले. आता एकच रोल उरलाय: मावशी! म्हणजे तू! ऑफिसभर सगळे तुला मावशीच म्हणायचे, आणि तू रोलही त्याच नावाने केलास. मी तो काढायला गेले तर उत्तर आलं, हा रोल काढता येत नाही, याच्यावर बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत. घरात काय आणि तिथे काय, तुझं सगळीकडे एकच!

सांग ना, तुला कसं काढून टाकायचं? फोनवर मी नुसती "हो हो" करते आणि निम्मं विसरते असं तूच म्हणतेस, म्हणून लिहितेय. लवकर उत्तर दे, मला दम निघत नाहीये.

तुझी भिंगरी


७ मार्च

भिंगरी, आशीर्वाद.

पत्र वाचलं. मला काही वाटलं नाही. निवृत्त माणसाचा रोल काढायलाच हवा, तो मी जाताना कोणी काढला नाही हेच चूक.

रोल निघत नाही, कारण तिकिटांची, वेळापत्रकाची, कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांची, डेटाबेसमधली सगळी टेबलं त्या रोलच्या मालकीची आहेत. मी ते बांधलं तेव्हा त्या खोलीत मी एकटी होते आणि एक पंखा होता. पंख्याच्या नावावर कसं करणार? केलं माझ्या नावावर. आता नीट ऐक, तीन पायऱ्या आहेत आणि त्या याच क्रमाने चढायच्या. आधी वाटणी: मावशीच्या मालकीचं जे जे आहे ते दुसऱ्या रोलच्या नावावर कर. मग झाडू: बारीकसारीक परवानग्या कोपऱ्यांत उरतात, त्या झाडून काढ. मग निरोप. झाडूची आज्ञा परवानगी कुठली आणि मालकी कुठली हे बघत नाही, रोलच्या नावावर जे सापडेल ते केरात. म्हणून वाटणीआधी झाडू हातात धरायचा नाही. आधी कळस मग पाया हा तुझा लहानपणापासूनचा स्वभाव, म्हणून दोनदा सांगते. पहिल्यांदा सगळं सरावाच्या प्रतीवर करून बघ.

आणि मालकी स्वतःच्या नावावर घेऊ नकोस. माणसाच्या नावावर टेबलं ठेवू नयेत; माणसं निवृत्त होतात, रुसतात, दुसऱ्या गावी जातात. एक असा रोल कर की ज्याने कोणालाच आत शिरता येत नाही, नुसती मालकी त्याच्याकडे. नाव ठेव "धक्का". बोटी येतात जातात, धक्का जागच्या जागी असतो.

बाकी इकडे ठीक. कुंड्या बदलल्या. जास्वंदाला कीड होती ती गेली. मला खरंच काही वाटलं नाही.

मावशी

ता. क. तिने पत्र उघडं ठेवलंय म्हणून मी दोन ओळी घुसडतो. जास्वंदाला कीड नव्हतीच. तुझं पत्र आल्यापासून ती कुंड्या या गॅलरीतून त्या गॅलरीत नेतेय. काका


१० मार्च

प्रिय मावशी,

आधी गंमत, मग दुसरं.

सरावाच्या प्रतीवर मी झाडू आधी मारला! बोट वळवळलं आणि मारला. एका क्षणात वेळापत्रक गेलं, तिकिटं गेली, पाळ्या गेल्या. सरावाच्या प्रतीत आता नदी आहे आणि बोटी नाहीत. साहेब पाठीमागून जात होते, त्यांनी रिकामा पडदा बघितला आणि पांढरे पडले. ही प्रत आहे हे त्यांना पटवायला अर्धा तास आणि एक ग्लास पाणी लागलं. पण मावशी, आता तो क्रम मी झोपेतही विसरणार नाही. वाटणी, झाडू, निरोप! नवी प्रत घेऊन पुन्हा केलं आणि एकदम जमलं!

आता दुसरं. हे लिहायला जड जातंय. तपासनीस बाईंनी कोण कधी आत शिरलं याच्या नोंदी मागितल्या. मावशी हा रोल रोज वापरात आहे. रोज, पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत. काल सकाळीही. बाई म्हणाल्या, निवृत्त झालेली बाई कंपनीच्या डेटाबेसमध्ये रोज येते, हे मला अहवालात नावानिशी लिहावं लागेल.

मावशी, तू घरून लॉगिन करतेस का? सवय सुटत नसेल, नुसतं बघायला जात असशील, मी समजू शकते. मी रागावणार नाही. पण मला खरं सांग.

भिंगरी


१२ मार्च

भिंगरी,

तू रागावणार नाहीस? वा! मी रागावले आहे त्याचं काय?

तू म्हणतेस त्या सकाळी मी दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवी होते. तोंडात त्यांचे दोन्ही हात होते. तशा अवस्थेत मी कुठे लॉगिन करणार होते, दाताने? घरात संगणक एकच, त्यावर तुझे काका पत्ते खेळतात आणि त्यांचा डाव संपला की मला ही पत्रं लिहायला मिळतात. निवृत्तीच्या दिवशी मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं, त्यानंतर आत डोकावूनसुद्धा बघितलेलं नाही. बघावंसं वाटलं नाही असं नाही. पण बघितलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालीस, तीही सख्ख्या मावशीला. इतकी वर्षं त्या कंपनीत एका पैचा, एका तिकिटाचा डाग नाही माझ्यावर, आणि आता कोणा बाईच्या अहवालात माझं नाव येणार?

एक काम कर. तू कर्मचारी, फुकट जातेस. आयुष्यात एकदा तरी बोटीचं तिकीट विकत घेतलंयस का? घे. आणि तळाशी बारीक अक्षरात काय छापलंय ते वाच. ती ओळ छापायची सोय मीच केली होती, विकणारा कोण ते कळावं म्हणून. जो रोल तिकीट विकतो त्याचं नाव तिथे उमटतं. वाच, आणि मग मला लिही.

मावशी


१४ मार्च

मावशी, मावशी, मावशी!

आधी कान पकडते. दोन्ही. चुकलं माझं. आता ऐक!

खिडकीवर जाऊन तिकीट घेतलं. आत बसलेला आपला जाडा चष्मा ओरडला, "तू कशाला पैसे देतेस गं?" तळाशी बघते तर, विक्री: मावशी. तशीच बोटीत चढले, पलीकडे उतरले, तिथल्या खिडकीवर आपला गुणगुण्या गाणं म्हणत बसला होता. तिथलं तिकीट घेतलं. विक्री: मावशी! रांगेतल्या एका आजोबांना विचारलं, ही मावशी कोण हो? ते म्हणाले, "कंपनीचंच नाव ना?" काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी नोंदी चाळत बसले होते आणि रोज हजारो लोक तुझं नाव खिशात घालून नदी ओलांडत होते.

परत येऊन जाड्या चष्म्याला खिंडीत गाठलं. तर तो बिनधास्त म्हणतो, "मावशींनीच तर सांगितला पासवर्ड, जायच्या दिवशी. माझी खिडकी अडली होती. म्हणाल्या, मी नसले तरी बोट थांबता कामा नये." त्याने गुणगुण्याला सांगितला, गुणगुण्याने वर्कशॉपात सांगितला, आणि वर्कशॉपात तो चक्क फळ्यावर खडूने लिहिलाय, खाली दोन रेघा मारून! नवा माणूस कामाला आला की त्याला झाडू कुठे, पाणी कुठे आणि मावशीचा पासवर्ड काय, एवढं दाखवतात. म्हणजे सगळं ऑफिसच मावशी आहे. कप्तानसुद्धा मावशी!

तपासनीस बाई माझ्याबरोबरच होत्या. दोन तिकिटं शेजारी शेजारी धरून म्हणाल्या, "म्हणजे ही बाई एकाच वेळी दोन्ही काठांवर तिकिटं विकते?" आणि हसायला लागल्या, मावशी! त्यांना हसता येतं हे कोणालाच माहीत नव्हतं. तुझं नाव अहवालात येणार नाही. पण रोल जाईपर्यंत सही नाही, हे त्यांनी हसून झाल्यावर पुन्हा सांगितलं.

मी लगेच कामाला लागले. प्रत्येकाला स्वतःचा रोल दिला, त्यांच्या आवडीच्या नावाने, पासवर्ड चिठ्ठीवर देऊन. आणि आज दुपारी मावशी रोलचं लॉगिन बंद केलं. आणि काय झालं सांगू? काहीच झालं नाही! एकही खिडकी अडली नाही, एकही बोट थांबली नाही. उगाच घाबरत होतो आपण. उद्या सकाळी निरोपच देऊन टाकते!

तुझी (माफ केलेली?) भिंगरी


१५ मार्च, सकाळी

भिंगरी, थांब!

काकांचा डाव रात्री लांबला, तुझं पत्र आत्ता बघतेय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. अगं, लॉगिन बंद करणं म्हणजे दाराला कुलूप लावणं. आत बसलेल्यांना ते बाहेर काढत नाही. काल दुपारी सगळे आतच बसलेले होते, म्हणून कोणी ओरडलं नाही. आज सकाळी खिडक्या नव्याने उघडतील तेव्हा कळेल कोणी तुझ्या चिठ्ठ्या वापरल्या आणि कोणी खिशात घातल्या.

पहिल्या बोटीच्या आधी खिडकीपाशी जाऊन उभी राहा. फोन करत होते तर तो लागत नाहीये.

मावशी


१५ मार्च, संध्याकाळी

मावशी,

फोन कसा लागणार, तो माझ्या टेबलावर होता आणि मी खिडकीपाशी. तुझं पत्र दुपारी बघितलं, सगळं होऊन गेल्यावर. अक्षर न् अक्षर खरं ठरलं!

सकाळी जाड्या चष्म्याने सवयीने मावशी लिहिलं. आत घेईना. परत लिहिलं. घेईना. पलीकडून गुणगुण्याचा फोन, त्याचं गाणं बंद. चिठ्ठी कुठे, तर एकाची सदऱ्यासकट धुतली गेली, एकाने तिच्या मागे भाजीची यादी करून बायकोला दिली. रांग धक्क्यावरून रस्त्यावर गेली. शाळेची पोरं, सायकलीवाले, एक गृहस्थ डोक्यावर गादी घेऊन, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, काय झालं, काय झालं. तेवढ्यात वर्कशॉपातून कोणीतरी ओरडलं, "मावशीला परत आणा!" मग सगळेच. साहेब धावत आले आणि मला म्हणाले, "कर चालू तिला! आत्ताच्या आत्ता!"

एका ओळीचं काम होतं. बोटं कळफलकावर होती. सगळे गप्प झाले असते आणि मी सुटले असते. पण मावशी, मी म्हटलं, "साहेब, ती दमली असेल. दोन्ही काठांवर एकटी किती वर्षं उभी राहील?" आणि खिडकीत शिरले.

एकेकाला शेजारी बसवून स्वतःचा पासवर्ड ठरवायला लावला. तोवर कप्तानांनी भोंगा वाजवला आणि जाहीर केलं की आत्ता बसा, पैसे पलीकडे द्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, गादीवाला सगळ्यात आधी चढला. तू म्हणशील, लोक बुडवून गेले असतील. पलीकडे उतरल्यावर लोक रांगेत उभे राहून पैसे देत होते, गुणगुण्या सांगतो.

दुपारच्या आधी सगळं सुरू! जाड्या चष्म्याने पहिलं तिकीट काढलं, तळाशी विक्री: जाडाचष्मा. बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःच्या खिशातले पैसे गल्ल्यात टाकून ते तिकीट त्याने पाकिटात ठेवलं. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते आणि इतकी मजाही कधी आली नव्हती.

आता फक्त वाटणी, झाडू आणि निरोप राहिलाय. पण आधी एक विचारते. तुझ्या पहिल्या पत्राखाली काकांनी काहीतरी लिहिलं होतं. मी तेव्हा ते वाचलं आणि हसून सोडून दिलं. मावशी, तुला खरंच काही वाटत नाही ना?

भिंगरी


१७ मार्च

भिंगरी,

वाटतं.

तुझं ते पहिलं पत्र उड्या मारत आलं, "तुला कसं काढून टाकायचं?" आणि मला रागच आला. तुझा नाही. वाटलं, तिथे माझं तेवढंच उरलं होतं, तेही आता ही पोरगी हसत हसत पुसणार. म्हणून कुंड्या हलवत बसले. मग कळलं की मी तिथे रोज सकाळी येते, तिकिटं विकते, तेव्हा राग यायला हवा होता आणि मला आनंद झाला. दोन दिवस मी मनातल्या मनात ऐटीत होते. माझ्यावाचून त्यांचं चालत नाही!

परवाचं तुझं पत्र वाचून ती ऐट उतरली. "ती दमली असेल" असं तू साहेबांना म्हणालीस ना, ते वाचून मला एकदम रडू आलं. दमले होते गं मी. जायच्या दिवशीसुद्धा दमले होते, आणि तरी पासवर्ड देऊन आले. बोट थांबू नये म्हणून दिला असं सगळ्यांना वाटतं. मी पूर्ण जाऊ नये, हेही त्यात होतं.

काढ. पहिल्या बोटीच्या आधी कर, बॅकअप घे, आणि तो बॅकअप दुसरीकडे उघडून दाखव, नुसता घेतला म्हणून निर्धास्त राहू नकोस.

मावशी

ता. क. आज कुंड्या जागेवर आहेत. काका


२० मार्च

प्रिय मावशी,

झालं!

पहाटे सगळे आले. मी एकालाही बोलावलं नव्हतं. जाडा चष्मा, गुणगुण्या पलीकडून कोणाच्या तरी होडीने, वर्कशॉपवाले हात पुसत, कप्तान गणवेशात. साहेब दाराशी. तपासनीस बाई खुर्चीत. मी बॅकअप उघडून दाखवला. मग वाटणी: वेळापत्रक, तिकिटं, पाळ्या, सगळं धक्क्याच्या नावावर. मग झाडू. या वेळी काहीही नाहीसं झालं नाही, साहेबांनी स्वतः पडद्यावर बोट ठेवून एकेक टेबल मोजलं. मग मी निरोपाची ओळ लिहिली आणि एंटर दाबलं.

डेटाबेस नाही म्हणाला!

म्हणाला, या रोलचं दुसऱ्या एका डेटाबेसमध्ये अजून काहीतरी आहे. मी त्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये शिरले, तर तो अगदी सुरुवातीचा, तू चाचणीसाठी केलेला. विसरलीस ना? त्यात तीन बोटी: बुडबुड, गटांगळी आणि आलीगेली. तिघींच्या कप्तानाच्या जागी, काका! आणि शेरा: "पोहता येत नाही." अगं, वर्कशॉपवाले जमिनीवर बसून हसले. बाईंनी रुमाल काढला.

तीही टेबलं धक्क्याच्या नावावर केली. झाडून टाकायला मन झालं नाही. मग पुन्हा निरोपाची ओळ. आणि पडद्यावर आलं, रोल काढला. एवढंच.

मला वाटलं होतं मी नाचेन. कप्तानांनी टोपी काढली. मग बाहेर पहिल्या बोटीचा भोंगा वाजला, जाडा चष्मा दचकून म्हणाला, "अरे, माझी खिडकी!" आणि पळाला. बोट वेळेवर सुटली मावशी. तू नसताना. मग मात्र मी रडले, आणि मग नाचले!

बाईंनी सही केली. माझं कायम झालं! परवा नवी बोट पहिली फेरी मारणार. तू आणि काका या. पण पास मिळणार नाही. रांगेत उभं राहून तिकीट काढायचं.

तुझी कायमची भिंगरी


२४ मार्च

भिंगरी, आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू गडबडीत होतीस, काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

रांगेत उभी राहिले. काका दोनदा म्हणाले, सांग ना त्यांना तू कोण आहेस. मी म्हटलं, गप्प उभे राहा. खिडकीशी पोचले तर आत तू. मला वाटलं आता हसशील, उठशील, बाहेर येशील. तू वर बघून म्हणालीस, "दोन? सुटे द्या." मी सुटे दिले. तिकीट घेतलं, तळाशी बघितलं. विक्री: भिंगरी. ते माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.

काका जीवरक्षक जाकीट घालूनच बसले. गटांगळीचे कप्तान म्हणून सगळ्यांनी त्यांना सलाम ठोकले, ते अजून फुगलेलेच आहेत. मी वरच्या मजल्यावर कठड्यापाशी उभी राहिले. सवयीने वाट बघत होते की आता कोणीतरी येईल, मावशी, खिडकी अडली, मावशी, पाळी चुकली, मावशी, जरा बघा ना. कोणी आलं नाही. जाडा चष्मा लांबून हात हलवून आपल्या कामाला लागला.

इतकी वर्षं मी ती नदी रोज दोनदा ओलांडली, आणि प्रत्येक वेळी माझी मान खाली, कसल्या ना कसल्या कागदात होती. परवा पहिल्यांदा वर बघितलं. भिंगरी, नदी एवढी रुंद आहे हे मला माहीतच नव्हतं.

तुझी,
आता नुसतीच मावशी